चित्रांचा परवाना पहिल्याच दिवशी लिहा: मुक्त खेळ बनवणाऱ्या मराठी मंडळींना खुले पत्र

मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

मराठी मुलांसाठी मुक्त सॉफ्टवेअरचे खेळ करणारे तुम्ही मोजकेच लोक आहात. कुणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून करतं, कुणी दिवसभर शाळेत शिकवून रात्री करत बसतं, कुणी नुसती चित्रं काढून देतं, तर कुणी मोबाइलवर 'क', 'ख', 'ग' म्हणून आवाज पाठवतं. मी अशा खेळांचं मराठीकरण करते आणि ते डेबियनसारख्या लिनक्स वितरणात (म्हणजे लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली आणि तिच्यावरचे प्रोग्राम एकत्र करून देणाऱ्या संचात) जावेत म्हणून त्यांची पॅकेजं बांधायला हातभार लावते. या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आडवी येते, म्हणून हे पत्र. प्रोग्रामचा परवाना तुम्ही नीट लिहिता. चित्रांचा लिहायचा राहून जातो.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातल्या चौघांनी मुळाक्षरांचा खेळ केला होता. वर अक्षर, खाली चार चित्रं, बरोबर चित्रावर टिचकी मारली की पुढचं अक्षर. प्रोग्राम जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली होता, नीटनेटका लिहिलेला होता, एकही जोडाक्षर फुटत नव्हतं. मी आनंदाने पॅकेज करायला घेतलं आणि चित्रांचा फोल्डर उघडला. ३७ फाइली. त्यातली एक 'बैल_फायनल_२'. इतका देखणा बैल मी मुलांच्या खेळात पाहिला नव्हता. एक शिंग किंचित आत वळलेलं, गळ्यात घुंगरांचा पट्टा, पाठीवर झूल, झुलीला लाल किनार, आणि पोळ्याच्या दिवशी इतकी माणसं भोवती का जमली आहेत ते न कळलेल्या जनावराचे डोळे.

'कुणी काढलाय?' म्हणून विचारलं. एकाच्या मावसभावाच्या मित्राने. चित्रं पेन ड्राइव्हवर दिली होती. त्याचा नंबर आता लागत नाही. अशी त्या मित्राची चित्रं २२. आणखी ९ इंटरनेटवरून उतरवलेली. त्या जागी 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असं लिहिलं होतं. राहिलेली ६ कुठून आली ते चौघांपैकी कुणालाच आठवेना.

डेबियनच्या प्रत्येक पॅकेजात कॉपीराइट नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. कोणत्या फाइली, हक्क कुणाचा, परवाना कोणता, असं एकाखाली एक लिहीत जायचं. नवीन पॅकेज भांडारात जाण्याआधी स्वयंसेवकांचा एक गट ही फाइल आणि आतला माल पडताळून पाहतो. प्रोग्रामचा भाग मी पाच मिनिटांत लिहिला. मग 'चित्रे' असं लिहिलं, पुढच्या ओळीवर 'हक्क' लिहिलं, आणि तिथेच थांबले. ती ओळ अजून रिकामी आहे. खेळ कुठेच गेला नाही. चौघं नोकरीला लागले, आणि तो बैल माझ्या संगणकात पडून आहे.

यावर 'डेबियनवाले उगाच कीस काढतात' असं म्हणणारे मला बरेच भेटतात, म्हणून नियमामागचं थोडं सांगते. डेबियनचा सामाजिक करार १९९७ सालचा. डेबियन शंभर टक्के मुक्त सॉफ्टवेअर राहील, असं त्यात वचन होतं. सॉफ्टवेअर म्हणजे नुसता प्रोग्राम, की त्यासोबतची चित्रं, आवाज, दस्तऐवजही, यावर पुढे बराच वाद झाला. २००४ साली मतदान होऊन शब्द बदलले आणि वचन वितरणातल्या सगळ्याच गोष्टींना लागू झालं. घाव इतका खोल होता की तयार होत आलेली सार्ज ही आवृत्ती अडून बसली असती. तेव्हा दुसरं मतदान घेऊन अंमलबजावणी सार्जनंतर करायचं ठरलं. सार्ज जून २००५ मध्ये बाहेर पडली. तेव्हापासून डेबियनच्या मुख्य विभागात, म्हणजे 'मेन'मध्ये, चित्राला आणि प्रोग्रामला एकच मोजपट्टी आहे: कुणालाही वापरता आलं पाहिजे, बदलता आलं पाहिजे, वाटता आणि विकता आलं पाहिजे. ज्याला ही पट्टी लागत नाही ते 'नॉन-फ्री'त जातं. प्रोग्राम मुक्त असून नॉन-फ्री चित्रांशिवाय चालत नसेल, तर तो 'कॉन्ट्रिब'मध्ये जातो.

सगळे असं मानत नाहीत. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते खेळातली चित्रं, नकाशे हे काम करणारे भाग नव्हेत, ती प्रणालीची सजावट आहे. तेव्हा ती आहे तशी वाटायची मुभा असली की पुरे, बदलायची नसली तरी हरकत नाही. फेडोरा हे दुसरं लिनक्स वितरणही चित्रं-आवाज अशा गोष्टींच्या बाबतीत बदलाला मनाई असलेला परवाना चालवून घेतो. पण विक्रीला मनाई करणारा परवाना या तिघांपैकी कुणालाच चालत नाही. तुमच्यातले निम्मे लोक नेमका तोच निवडतात. चित्रं, मजकूर, आवाज यांच्यासाठी तयार परवाने देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेच्या पानावर जाता, 'नॉन-कमर्शियल' वाचून बरं वाटतं, माझ्या चित्रावर कुणी पैसे करू नयेत एवढंच मनात असतं, आणि 'एनसी' लावून मोकळे होता.

त्या दोन अक्षरांनी कोण बाहेर राहतं ते बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेला संगणक पुरवणारा ठेकेदार पैसे घेऊनच पुरवतो. जुना संगणक दुरुस्त करून त्यावर लिनक्स घालून देणारा तालुक्याच्या गावचा दुकानदार पाचशे रुपये घेतो, आणि ते त्याच्या कष्टाचे असतात. जिथे इंटरनेट नीट चालत नाही तिथे डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्ह भरून विकणारा माणूसही व्यापारच करत असतो. तुमचा खेळ ज्या पोरांच्या हातात पडावा असं तुम्हाला वाटतं, त्यांच्यापर्यंत तो हीच माणसं नेतात. मोठ्या कंपनीचं यात काहीच अडत नाही. तिला चित्र हवं असेल तर ती चित्रकार नेमते.

जुन्या उदाहरणांत 'उर-क्वान मास्टर्स' हा खेळ आहे. मूळ खेळ करणाऱ्यांनी २००२ साली प्रोग्राम खुला केला, लोकांनी तो नव्या संगणकांवर चालवला, आणि चित्रं-आवाज मात्र 'एनसी' परवान्याखाली. त्यामुळे डेबियनमध्ये प्रोग्राम कॉन्ट्रिबला आणि चित्रं नॉन-फ्रीला अशी ताटातूट झाली.

'ओपनटीटीडी'ची गोष्ट याहून जास्त शिकवणारी आहे. १९९५ च्या 'ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स' या रेल्वे-बस-जहाजांच्या खेळावरून २००४ मध्ये हा मुक्त प्रोग्राम लिहिला गेला. चालवायला मात्र मूळ खेळाच्या चित्रांच्या फाइली लागायच्या. ज्याच्याकडे मूळ सीडी नाही त्याने काय करायचं? मग स्वयंसेवक चित्रं काढायला बसले. प्रत्येक डबा, प्रत्येक इंजिन वेगवेगळ्या दिशांनी, प्रत्येक झाड, रुळाचं प्रत्येक वळण. ज्याने एकदा तरी चौकटी-चौकटीने चित्र काढलंय त्यालाच हे काम किती जीवघेणं आहे ते कळेल. ती चित्रं म्हणजे 'ओपनजीएफएक्स', परवाना जीपीएल. आवाजांसाठी 'ओपनएसएफएक्स', संगीतासाठी 'ओपनएमएसएक्स'. एप्रिल २०१० मध्ये ओपनटीटीडीची १.० आवृत्ती आली ती याच जोरावर. आता मूळ सीडीची गरज उरली नव्हती, आणि डेबियनमध्ये खेळ मेन विभागात आला.

पण आला तो मुका. आवाजांचा संच 'सॅम्पलिंग प्लस' या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली होता. तुकडे घेऊन नवीन काही करा, विका, चालेल. पण आवाज आहे तसा वाटायचा तर विनाव्यापारच, आणि जाहिरातीत मुळीच नाही. म्हणून तो संच नॉन-फ्रीत पडला. मेनमधून खेळ घेणाऱ्याच्या गाड्या शिट्टी न वाजवता धावायच्या. क्रिएटिव्ह कॉमन्सने २०११ मध्ये तो परवानाच निवृत्त केला. ओपनएसएफएक्सही पुढे 'सीसी बाय-एसए ३.०' वर आला, म्हणजे करणाऱ्याचं नाव द्या ('बाय') आणि बदललेलं कामही त्याच परवान्याखाली ठेवा ('एसए'), एवढीच अट असलेल्या परवान्यावर. आवाज करणाऱ्यांचा हेतू पहिल्यापासून चांगलाच होता. परवाना निवडताना एकदा चुकलं आणि कित्येक वर्षं खेळ मुका राहिला.

नुसत्या एका चित्रावरून केवढं रामायण होऊ शकतं हे मोझिलाच्या फायरफॉक्स या ब्राउझरने दाखवलंय. त्याचं बोधचिन्ह मुक्त परवान्याखाली नव्हतं, म्हणून डेबियन ते न घालता फायरफॉक्स देत होतं. मोझिलाने २००६ मध्ये सांगितलं की नाव वापरायचं तर चिन्हही वापरा. डेबियनने नावच सोडलं आणि 'आइसवीझल' असं नवं नाव दिलं. २०१६ मध्ये समेट झाला. उलट टक्सकडे पाहा. लॅरी ईविंग यांनी १९९६ मध्ये गिंप हा चित्रं काढायचा मुक्त प्रोग्राम वापरून लिनक्सचा पेंग्विन काढला आणि साधी परवानगी देऊन ठेवली: वापरा, बदला, कुणी विचारलं तर माझं आणि गिंपचं नाव सांगा. आज तो पेंग्विन मुलांच्या गाड्यांच्या शर्यतीत आहे, चित्रकलेच्या प्रोग्रामात आहे, बनियनवरही आहे.

आता माझ्या अगदी जवळचा मुद्दा. चित्र म्हणजे सजावट, हे म्हणणं लढाईच्या खेळात एक वेळ पटेल. मुळाक्षरांच्या खेळात नाही पटत. 'ए फॉर ॲपल'मधलं सफरचंद आमच्या काय कामाचं? आम्हाला 'अ'ला अननस हवा, 'ए'ला एडका हवा, 'ब'ला बदक. 'ण' शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, म्हणून बाण. 'ळ'ला बाळ किंवा कमळ. तिथे चित्र हाच धडा असतो. चित्र बदलायची मुभा नसेल तर भाषांतर होतच नाही, मी शब्द कितीही बदलले तरी. 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' म्हणजे 'एनडी' लावलेलं चित्र मराठीत येऊ शकत नाही, कन्नडमध्ये नाही, गोंडीत नाही.

नुसती मुभा असून भागत नाही, मूळ फाइलही लागते. एका खेळात सुरुवातीचं बटण म्हणजे लाकडी पाटी होती, पाटीवर इंग्रजीत 'स्टार्ट' कोरलेलं, अक्षरांवर गवताची पाती आलेली. परवाना उत्तम होता. पण माझ्या हातात होती ती सपाट पीएनजी. अक्षरं, लाकूड, गवत सगळं एकजीव. थर असलेली गिंपची फाइल कुणी जपलीच नव्हती. शेवटी मी लाकडाचे रेषे चिकटवत चिकटवत ती अक्षरं पुसली आणि वर 'सुरू' लिहिलं. अडीच दिवस गेले, आणि तरीही 'रू'च्या मागे 'टी'ची सावली दिसते. थर वेगळे असते तर दहा मिनिटांचं काम. चित्रावर जीपीएल लावलं असेल तर बदल करायला सोयीची मूळ फाइल देणं परवान्यातच येतं. दुसरा परवाना असला तरी द्याच. गिंपची एक्ससीएफ असो, रेषाचित्राची एसव्हीजी असो, ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या प्रोग्रामची असो, 'स्रोत' नावाचा फोल्डर करून त्यात टाका.

आवाजांचंही तेच. जीकॉम्प्री हा मुलांच्या शैक्षणिक खेळांचा संच २००० साली फ्रान्समध्ये सुरू झाला. त्याच्या जुन्या आवृत्तीच्या वेळी डेबियनमध्ये भाषावार आवाजांची पॅकेजं होती आणि त्यांत मराठीचंही होतं. कुणीतरी मराठी माणसाने बसून अक्षरं, आकडे, रंग म्हटले, आणि ते जगात कुणालाही घेता येईल अशा रीतीने दिले. मला त्या माणसाचे आभार मानायचे आहेत. प्राचीन साम्राज्यांच्या लढायांचा 'झिरो ए. डी.' हा मुक्त खेळ आहे. तेवढं मोठं काम आपल्याला आज झेपणार नाही, पण त्याच्याकडून घेण्यासारखं आहे: २००९ मध्ये प्रकल्प खुला करतानाच प्रोग्राम जीपीएल, चित्रं सीसी बाय-एसए, असं त्यांनी सरळ जाहीर केलं. त्यातले मौर्यांचे हत्ती तुम्ही उद्या उचलून आपल्या खेळात आणू शकता, नाव आणि तोच परवाना ठेवून.

कायद्याचं थोडक्यात, कारण 'तोंडी हो म्हटलंय' हे मी फार ऐकते. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्र काढलं की हक्क आपोआप चित्रकाराचा होतो, नोंदणी लागत नाही, आणि तो त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं राहतो. परवानगी लेखी लागते, हे कलम ३० सांगतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम १९ मधल्या या गोष्टी कलम ३०-अ मुळे परवान्यालाही लागू होतात. म्हणजे 'घे रे, वापर खुशाल' असं मेसेजवर लिहून आलं तरी ते जगभर आरसे (म्हणजे त्याच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) असलेल्या वितरणाला पुरत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स किंवा जीपीएलसारखा तयार परवाना घ्यायचा तो यासाठीच. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात तर मुदत आणि जग दोन्ही लिहिलेलं असतं. आणखी एक. तुम्ही ॲनिमेशन स्टुडिओत नोकरीला असाल तर नोकरीच्या कामात काढलेल्या चित्राचा हक्क वेगळा करार नसेल तर मालकाचा असतो. ते चित्र तुम्हाला देता येणार नाही, कितीही मनापासून द्यावंसं वाटलं तरी.

चित्रकारांची भीती मला कळते. माझ्या ओळखीची एक मुलगी म्हणाली, 'माझी चिमणी उद्या कुणाच्या निवडणुकीच्या फलकावर गेली तर?' जाऊ शकते. मुक्त परवान्यात हे शक्य आहे आणि मी ते लपवणार नाही. 'बाय-एसए' लावलं तर तिचं नाव द्यावं लागेल आणि त्यावरून बदलून केलेलं चित्रही तसंच मुक्त ठेवावं लागेल, एवढा आधार तिला आहे. तो पुरेसा वाटत नसेल तर ते चित्र देऊ नये, दुसरं काढावं. मनाविरुद्ध दिलेलं चित्र मला नको. ती शेवटी विचार करून चिमणी घरी ठेवून घेते म्हणाली आणि कावळा दिला. कावळा छान आहे.

आणि प्रोग्रामरांनो, चित्रकाराला पैसे द्या. मुक्त परवाना म्हणजे चित्रकाराने उपाशी काढायचं असं कुठे लिहिलेलं नाही. ब्लेंडर फाउंडेशनने २००८ मध्ये 'यो फ्रँकी!' हा खेळ केला तेव्हा लोकांकडून डीव्हीडीची आगाऊ मागणी घेतली, त्यातून चित्रकारांना पगार दिला, आणि सगळं काम सीसी बाय, म्हणजे फक्त नाव द्यायची अट असलेल्या, परवान्याखाली खुलं केलं. आपल्याकडे चार मित्रांनी हजार-हजार काढले तरी एखाद्या विद्यार्थ्याला दहा अक्षरांच्या चित्रांचं मानधन देता येतं. काम ठरवतानाच पैसे किती आणि परवाना कोणता हे एकाच कागदावर लिहा. नंतर मागायला गेलं की माणूस भेटत नाही, भेटला तर संकोच वाटतो.

तेव्हा माझी मागणी एवढीच. चित्र फोल्डरमध्ये टाकाल त्याच दिवशी, त्याच फोल्डरमध्ये एका फाइलीत लिहा: फाइलीचं नाव, कुणी काढलं, कधी, कोणता परवाना, मूळ फाइल कुठे. चित्रकाराचा होकार लेखी घ्या आणि तोही तिथेच ठेवा. इंटरनेटवरून घेतलं असेल तर कुठून घेतलं आणि तिथे तेव्हा काय लिहिलं होतं तेही. 'सीसी बाय-एसए ४.०' बहुतेक कामाला पुरतो. २०१५ पासून तो जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत मिसळूनही घेता येतो. काहीच अट नको असेल तर 'सीसी झिरो'. 'एनसी' नको, 'एनडी' नको, 'फक्त शैक्षणिक वापरासाठी' नको. आणि स्वतः परवाना लिहायला बसू नका.

शेवटी ज्याने तो बैल काढला त्याच्यासाठी. तुझं नाव मला माहीत नाही. तुझी २२ चित्रं माझ्याकडे आहेत: बैल, एडका, बदक, विहिरीवरचा रहाट, आणि कणीस सोलणारी आजी. झुलीची किनार तू दोन लाल छटांनी काढली आहेस, एक उन्हातली आणि एक सावलीतली. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं, आणि तुझी इच्छा असली, तर एवढंच लिहून पाठव: 'ही २२ चित्रं मी काढली आहेत. ती मी क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० परवान्याखाली देत आहे.' खाली नाव आणि तारीख. मूळ फाइली असतील तर सोबत जोड. इच्छा नसली तर तसं कळव, मी ती चित्रं माझ्या संगणकातून काढून टाकीन आणि 'ब'साठी दुसरं कुणी शोधीन. बाकीच्या १५ चित्रांच्या जागी नवीन चित्रं काढायला दोघीजणी तयार आहेत. रिकामी राहिली आहे ती तुझ्या नावाची ओळ.

तुमची,
मुक्त खेळांची एक मराठी भाषांतरकार